वरचा मजला न पाहता केलेल्या घराच्या मूल्यांकनाबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
कर्ज विभाग

विषय : तारण घराच्या मूल्यांकन अहवालातील चुका, फेरपाहणीचे जादा शुल्क आणि ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या अपुऱ्या सूचना

महोदय,

जुळे सोलापुरातील माझ्या नावावरचे घर तारण ठेवून मी आपल्या बँकेकडे कर्जासाठी अर्ज केला आहे. मुलाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तिथले जुने माग काढून रॅपियर (बिनधोट्याचे) माग बसवायचे आहेत, त्यासाठी हे कर्ज हवे आहे. मे महिन्यात आपल्या पॅनेलवरील मूल्यांकनकाराच्या कार्यालयातून घराची पाहणी झाली. त्या पाहणीच्या अहवालात आमचा वरचा मजलाच नाही. मुलगा, सून आणि नातू त्या मजल्यावर राहतात, महापालिकेच्या परवानगीने तो बांधला आहे, त्याचे भोगवटा प्रमाणपत्र आहे, त्याचा मिळकत कर आम्ही दरवर्षी भरतो. अहवालात मात्र त्या जागी ‘पत्र्याचे तात्पुरते शेड, परवानगी दाखवली नाही’ एवढेच लिहिले आहे. या एका ओळीने मंजूर होणारी रक्कम इतकी खाली आली की मागांच्या ऑर्डरसाठी भरलेला आगाऊ पैसा अडकून पडला आहे.

पाहणीच्या आधी शाखेतून व्हॉट्सअॅपवर सूचना आली होती. घर स्वच्छ ठेवा, अडगळ काढा, सर्व खोल्या उघड्या ठेवा, दिवे लावून ठेवा, भिंतींना ओल असल्यास रंग देऊन घ्या, असे त्यात होते. आम्ही ती सूचना मनावर घेतली. आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे पाण्याची पाळी पाहून घर-अंगण धुतले. माळ्यावरची जुनी ट्रंक, सायकली, मुलाच्या कारखान्यातले सुताचे कोन असे सगळे हलवले. जिन्याखालची जागा मोकळी केली, म्हणजे वर जाणाऱ्याला अडचण नको. यजमानांचे गुडघे दुखतात, तरी शिडीवर चढून त्यांनी बंद पडलेले बल्ब बदलले.

ओलीवर रंग द्यायची सूचना मात्र आम्ही पाळली नाही. उत्तरेकडच्या खोलीच्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल यायची. गवंडी आणून आधी गच्चीवरचा उतार नीट केला, पाइपाभोवतीची भेग भरली, वॉटरप्रूफिंग करून घेतले आणि मगच भिंतीला हात लावला. त्या कामाच्या पावत्या ठेवल्या आहेत. ओल झाकून मूल्यांकनकाराला घर दाखवा, असे खुद्द कर्ज देणाऱ्या बँकेने ग्राहकाला सांगावे, हे मला पटत नाही. उद्या तेच घर बँकेच्या ताब्यात गेले तर ती ओल बँकेच्याच माथी येणार आहे. ही सूचना कोणी लिहिली आणि कोणी तपासली, हे बँकेने शोधावे.

आणि जे सांगायला हवे होते त्याचा त्या सूचनेत एक शब्द नव्हता. मंजूर नकाशा काढून ठेवा, मजला नंतर चढवला असेल तर सुधारित बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र हाताशी ठेवा, खरेदीखत, इंडेक्स-2 (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, एनए (बिगरशेती) आदेश, मिळकत कराची चालू पावती आणि वीजबिल एका फाइलीत लावा, खरेदीखतातल्या चतुःसीमा जागेवर दाखवता येतील असे बघा, यातले काहीही नाही. घराची किंमत पुढच्या गोष्टींवरून ठरते. जमिनीचे क्षेत्र आणि तिथला चालू भाव, बांधकामाचे क्षेत्र, त्याचा प्रकार, वय आणि त्यावरचा घसारा (वयामुळे किमतीत होणारी घट), रस्त्याची रुंदी, परवानगीप्रमाणे बांधकाम आहे की नाही, हे मूल्यांकनकार पाहतो. सोफा किंवा पडदे त्याच्या हिशेबात येत नाहीत. माझे दीर बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी आधीच सांगितले होते म्हणून आमची फाइल तयार होती. ज्या घरात असे सांगणारे कोणी नाही, तिथली माणसे भिंती रंगवण्यात पैसे घालतील आणि पाहणीच्या वेळी नकाशा शोधत बसतील.

आता पाहणीचे सांगते. दुपारच्या उन्हात एक तरुण आला. घामाने भिजला होता. त्याला ताक दिले, पंख्याखाली बसवले. तो अदबीने बोलला आणि अजून बरीच घरे बघायची आहेत म्हणाला. त्याच्याशी माझे भांडण नाही. त्याने दाराचे, हॉलचे, स्वयंपाकघराचे आणि वीज मीटरचे फोटो घेतले. तळमजल्याच्या दोन खोल्यांची मापे घेतली आणि बाकीची मागच्या नकाशावरून घेतो म्हणाला. मी फाइल पुढे केली. त्यातले खरेदीखत आणि कर पावती यांचे त्याने फोटो काढले, खाली लावलेला 2016 चा सुधारित परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र उलटूनही पाहिले नाही. मी म्हटले, ‘वर चला, सून वाट बघते आहे, दार उघडे आहे.’ तो म्हणाला, ‘काकू, वर जायची गरज नाही, बाहेरून फोटो घेतो.’ रस्त्यापलीकडे जाऊन त्याने फोटो घेतला आणि गेला.

रस्त्यावरून आमच्या घराचे काय दिसते, हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. वरच्या मजल्याला आरसीसी स्लॅब आहे. त्या स्लॅबवर लोखंडी चौकट उभी करून पत्रे टाकले आहेत, कारण इथला पारा 40 च्या पुढे जातो आणि उघडा स्लॅब रात्रीसुद्धा आग ओकतो. शहरातल्या कितीतरी घरांवर अशी पत्र्याची सावली आहे. समोरच्या कडुनिंबामुळे वरच्या मजल्याच्या भिंती आणि खिडक्या रस्त्यावरून झाकल्या जातात, दिसतो तो फक्त पत्रा. ते पाहून कोणी ‘शेड’ लिहिले असेल, तर त्याने जिन्याच्या सोळा पायऱ्या चढायला हव्या होत्या. त्या कामाचे शुल्क माझ्याकडून घेतले आहे.

अहवालाची पूर्ण प्रत मला दिलेली नाही. शाखेतल्या साहेबांनी त्यातली दोन पाने पाठवली, त्यावरून आणखी तीन गोष्टी दिसल्या.

पहिली बाब घसाऱ्याची. तळमजला 2004 चा आहे आणि वरचा मजला 2016 चा. आरसीसी बांधकामाचे आयुष्य साधारण 60 वर्षे धरून घसारा काढतात, म्हणजे दोन्ही मजल्यांचा घसारा वेगवेगळा यायला हवा. वरचा मजलाच वगळल्यावर हा प्रश्न उरत नाही, पण फेरपाहणीत तो मजला धरताना त्यालाही 2004 चेच वय लावले जाऊ नये, म्हणून आताच लिहून ठेवते.

दुसरी बाब जमिनीच्या भावाची. तुलनेसाठी जो व्यवहार घेतला आहे तो हद्दवाढ भागातल्या गुंठेवारीच्या, म्हणजे रेखांकन मंजूर न करता तुकडे पाडून विकलेल्या, प्लॉटचा आहे. आमचा प्लॉट मंजूर रेखांकनातला, एनए झालेला, 1,500 चौरस फुटांचा, डांबरी रस्त्याला लागून आहे. गुंठेवारीच्या जागेला नियमितीकरणाचा खर्च आणि जोखीम असते. त्यामुळे तिचा भाव कमी असतो आणि तो आम्हाला लावणे रास्त नाही. आमच्याच गल्लीत झालेल्या एका विक्रीचे इंडेक्स-2 नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून काढून मी फाइलीत लावले होते. तेही पाहिले गेले नाही. रेडी रेकनरचा दर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी भाव, दरवर्षी सरकार जाहीर करते, तो मूल्यांकनात एक आधार म्हणून असतोच. पण बाजारभाव ठरवायला शेजारचा खरा व्यवहार हाताशी असताना लांबचा का घ्यावा, याचे कारण अहवालात हवे.

तिसरी बाब लहान वाटेल, पण इथे ती लहान नाही. अंगणाखाली 10,000 लिटरचा पक्का हौद आहे आणि चालू बोअर आहे. सोलापुरात घर बघायला येणारा माणूस खोल्यांच्या आधी हौद किती लिटरचा आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकते का, हे विचारतो. अहवालात पाण्याच्या रकान्यात ‘महापालिका नळ’ एवढेच आहे.

हे सगळे घेऊन मी आणि मुलगा शाखेत गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, परवान्याची प्रत पाहून ‘हे आधी द्यायला हवे होते’ म्हणाले. आधी मागितले कोणी होते? अर्जासोबतच्या कागदांच्या यादीत फक्त ‘मालमत्तेची कागदपत्रे’ असे लिहिले आहे. मग त्यांनी सांगितले की फेरपाहणी करता येईल, पण मूल्यांकन शुल्क पुन्हा भरावे लागेल.

याला माझा स्पष्ट विरोध आहे. कर्जाच्या प्रस्तावासोबत मला जे मुख्य तथ्य विवरण (कर्जाचे व्याज, शुल्क व अटी एकत्र सांगणारा कागद) मिळाले, त्यात मूल्यांकन शुल्क एकदाच दाखवले आहे. रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे, 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना, या विवरणात नसलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. मी ही संमती देत नाही. चूक अर्धवट पाहणीतली आहे आणि पाहणी करणाऱ्याची नेमणूक बँकेने केली आहे. त्याच परिपत्रकानुसार हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. मला ते इंग्रजीत दिले आहे, ते मराठीत द्यावे.

माझ्या मागण्या अशा आहेत. फेरपाहणी शुल्क न घेता व्हावी आणि ती अशा व्यक्तीने करावी जी दोन्ही मजल्यांची मापे स्वतः घेईल. सुधारित परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि गल्लीतल्या विक्रीचे इंडेक्स-2 अहवालात विचारात घेतल्याचे लेखी दिसावे. जुन्या आणि नव्या दोन्ही अहवालांच्या पूर्ण प्रती मला मिळाव्यात. फेरपाहणी होईपर्यंत माझा अर्ज सध्याच्या रकमेवर बंद करू नये. आणि ग्राहकांना पाठवायची ती सूचना बदलावी : मराठीत, कागदांची नावे स्पष्ट लिहून, ओलीवर रंग द्यायचा सल्ला काढून टाकून. हे शेवटचे मी स्वतःसाठी मागत नाही, माझी फाइल तयार आहे. कुंभारीच्या कामगार घरकुलातल्या, शहराच्या पूर्व भागातल्या ज्या बायका आयुष्यात पहिल्यांदा घर तारण ठेवतील, त्यांना त्यांच्या घराची किंमत कशावरून ठरते हे आधी कळावे, एवढेच त्यात आहे.

या पत्राला 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार दाखल करीन. तशी वेळ येऊ नये, कारण बाकी व्यवहारात आपल्या शाखेचा मला वाईट अनुभव नाही आणि कर्ज मला इथूनच घ्यायचे आहे.

सोबत सुधारित बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, चालू कर पावती, गच्ची दुरुस्तीच्या पावत्या आणि वरच्या मजल्याचे आतून-बाहेरून काढलेले फोटो जोडले आहेत. फेरपाहणीसाठी येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करावा. सकाळी दहाच्या आत आले तर गच्चीवर उभे राहून मापे घेता येतील, त्यानंतर तिथे पाय ठेववत नाही.

आपली विश्वासू,
अर्जदार
(नाव, पत्ता व अर्ज क्रमांक सोबतच्या प्रतीत)
जुळे सोलापूर