चि. ओंकारला, दिवाळीला येण्याआधी

मिरज,
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मनूने यंदा पूजेच्या पाटावर अकरावीची पुस्तकं मांडली, माझ्या शिलाई मशीनला झेंडूची माळ घातली आणि पुस्तकांच्या शेजारी व्हिडिओ गेमचे दोन्ही कंट्रोलर ठेवले, हळदकुंकू लावून. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू देत. २०२० साली या दोन कंट्रोलरनी आपल्या घराला किती आधार दिला ते मला आणि तुलाच ठाऊक आहे.

हे फोनवर बोलायचं होतं, पण रविवारी तुझ्या खोलीत मुलं जमली होती आणि इकडे मनू मला चिकटून बसली होती. तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. तू तिला म्हणालास ते मी ऐकलं. "तू फक्त माझ्या मागे पळ, दोन तासांत तुला ७० लेव्हलला नेतो." ७० म्हणजे खेळातली सगळ्यात वरची लेव्हल, ती खूश झाली. मला मात्र ते पटलं नाही. तू असं करू नयेस म्हणून हे पत्र.

मनूला इतकी वर्षं का थांबवलं हे तुला माहीत आहे. आपल्या डायब्लोच्या डब्याच्या कोपऱ्यावर १६ लिहिलंय, म्हणजे सोळाच्या आतल्यांसाठी नाही. रक्त, मुडदे, नरकातले राक्षस, सगळंच आहे त्यात. तुझ्या वेळी तो आकडा माझ्या लक्षातच आला नव्हता, तू नववीपासून खेळत होतास. मनूच्या वेळी लक्षात आला आणि मी हट्ट धरला. ती पाच वर्षं दाराशी उभी राहून आपला खेळ ऐकत आली, कारण पडद्याकडे बघायची परवानगी नव्हती. ऑगस्टमध्ये तिला सोळा पूर्ण झाली. पाच वर्षं वाट पाहिल्यावर तिच्या वाट्याला काय यावं, तर दोन तास तुझ्या मागे पळणं?

मार्च २०२० आठवतो का तुला? दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, २३ तारखेचा. तू नकाशे काढून भिंतीला चिकटवले होतेस. तो पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. परीक्षा संपली असं वाटायलाच कुठे संधी मिळाली तुला? बाबांची लॅबची ड्यूटी चालूच होती. ते आले की मागच्या जिन्याने थेट वरच्या खोलीत जायचे आणि मी पायरीवर ताट ठेवून खाली यायचे. एवढंच आमचं बोलणं. रात्री मला झोप लागत नसे. मशीनवर बसावं तर शिवायला कापड नाही, दुकानं बंद. एका रात्री तू टीव्ही लावलास, आवाज बारीक केलास आणि माझ्या हातात कंट्रोलर दिलास. मी त्याला रिमोट म्हणत होते. "आई, नुसती चालून बघ," एवढंच तू म्हणालास.

डायब्लो ३. मी क्रुसेडर घेतला, कारण त्याच्या हातात ढाल होती. तू डीमन हंटर घेतलास, लांबून बाण सोडणारा. न्यू ट्रिस्ट्रम नावाच्या त्या पडक्या गावाबाहेर मी पहिले दोन दिवस कुंपणालाच धडकत होते. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने लोळण घेऊन वार चुकवायचा, आणि वर वार करायची बटणं वेगळी. मशीनवर पाय एक करतो आणि हात दुसरंच करतात, तीस वर्षांची सवय आहे मला. ती सवय आली कामाला. पण वेळ लागला, आणि तो वेळ तू दिलास.

मला आज जे सांगायचंय ते इथेच आहे. जुलैमध्ये एकदा तू अंघोळीला गेला होतास आणि मी खेळ चालू करून ठेवत होते. हिरो निवडायच्या यादीत आपल्या दोघांच्या वर एक बार्बेरियन दिसला. लेव्हल ७०. अंगावरचं सगळं चिलखत चमकत होतं. तारीख बघून कळलं की तो नववीच्या सुट्टीत तू एकट्याने वाढवला होतास. मार्चमधल्या त्या रात्री तो तयार होता. तो घेऊन आला असतास तर माझ्यासमोरचा प्रत्येक राक्षस एका फटक्यात आडवा केला असतास. तू तसं केलं नाहीस. तू नवा हिरो काढलास, लेव्हल १ चा, फाटक्या कपड्यांचा, आणि माझ्याबरोबर त्याच गावातून चालायला लागलास. मला सांगितलंही नाहीस. मी तेव्हा तुला काही विचारलं नाही, पण त्या दिवशी जेवताना तुला दोनदा आमरस वाढला, आठवतंय का बघ.

आता तूच म्हणशील, मनूसाठी खेळातच सोय आहे. माहीत आहे मला. आपल्याकडच्या डायब्लो ३ च्या त्या २०१४ मधल्या अल्टिमेट ईव्हिल एडिशनमध्ये मोठ्या लेव्हलच्या माणसाबरोबर नवखा आला की त्याचं बळ तेवढ्यापुरतं वाढवून देतात, अप्रेंटिस मोड. मागे तुझा तो मित्र आला होता तेव्हा आपण त्याला तसंच खेळवलं. काय झालं होतं? तो तासभर तुझ्यामागे पळाला. लेव्हल धडाधड वाढत होत्या, प्रत्येक लेव्हलला नवं काहीतरी उघडत होतं आणि त्याला ते वाचायलाही फुरसत नव्हती. शेवटी ढीगभर विद्या हाताशी आणि त्यातली कुठली कशाला, हे विचारलं तर सांगता येईना. जाताना मोबाइल बघत गेला. परत खेळायला आला नाही.

मला ढाल मारायला लेव्हल २ ला मिळाली. पुढची विद्या मिळेपर्यंत मी ती ढालच मारत राहिले, म्हणून ती माझी झाली. आजही अडचणीत सापडले की अंगठा आधी तिथेच जातो.

खाटकाची रात्र तर तू विसरणं शक्य नाही. पहिल्या अंकाच्या शेवटचा तो बुचर. मी त्याला पहिल्यापासून खाटीकच म्हणत आले. साखळी फेकून माणसाला ओढून घेणारा, आणि त्या खोलीची फरशी मधूनमधून पेटणारी. मी पाच वेळा मेले. दर वेळी तू येऊन माझ्यावर उभा राहायचास, बटण दाबून धरायचास आणि मी उठेपर्यंत तुझे बाण थांबायचे. तेवढ्यात तुझाच जीव अर्ध्यावर यायचा. तू "डावीकडे, डावीकडे" म्हणायचास आणि मला डावं कुठलं तेच सुचेना. सहाव्या वेळी मी खाटकाकडे बघायचंच सोडून दिलं आणि फरशीकडे बघायला लागले. जिथे जाळी तांबूस व्हायला लागते तिथून आधीच निघायचं. बस, एवढंच होतं ते. ते तू आधी सांगू शकला असतास, तुला माहीतच होतं. पण माझं मला दिसलं म्हणून डोक्यात पक्कं बसलं. आणि त्या वेळी तू पडलास! मी आगीतून फिरत तुझ्यापाशी आले, बटण दाबून धरलं, आणि तो जाडा धावत येतोय हे दिसत असूनही सोडलं नाही. तू उठलास. खाटीक पडला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. वर बाबा झोपले होते म्हणून ओरडताही येत नव्हतं. तू नुसता माझा हात धरून गदागदा हलवत होतास.

तो आनंद मनूला मिळावा. ७० लेव्हलचा बार्बेरियन शेजारी असला तर खाटीक दोन सेकंदांत मरेल. तिला तो दिसणारही नाही.

म्हणून एवढं कर. दोघांनीही नवे हिरो काढा. हिरो कुठला घ्यायचा ते तिला ठरवू दे. तिला विच डॉक्टर घ्यावासा वाटतोय, तो कुत्री बोलावतो म्हणून. "तो कठीण आहे" असं सांगत बसू नकोस. हिरोच्या सामानाची बॅग उघडली की एका पडद्यावर सगळ्यांचाच खेळ थांबतो, आणि ती माझ्यासारखीच कमरेच्या दोन पट्ट्यांतला कुठला बरा हे बघत बसणार. बसू दे. मी तशी बसायचे तेव्हा तू एकदाही "चल ना" म्हणाला नाहीस, उठून पाणी प्यायला जायचास. लाल गोळे पडतात ते तिने उचलले तरी चालतील, जवळ असलास तर तुलाही त्यातून जीव भरून मिळतो. तेव्हा तिच्या जवळ राहा, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला धावत जाऊ नकोस. आणि काही झालं तरी तिच्या हातातून कंट्रोलर काढून घ्यायचा नाही. "दे, मी करून दाखवतो" हे घरातला प्रत्येक मोठा माणूस म्हणतो. मला गाडी शिकवताना तुझे बाबाही म्हणायचे. तू मला कधी म्हणाला नाहीस.

नवा, चौथा भाग घेऊ या असं तू मागे म्हणाला होतास. तूच सांगितलं होतंस की २०२३ च्या त्या खेळात एका टीव्हीवर दोघांनाच खेळता येतं आणि नेट सतत लागतं. आपल्या गल्लीतलं नेट पावसात कसं जातं ते तुला मी काय सांगू. जुन्या डिस्कला नेट लागत नाही आणि चौघं बसू शकतात. जुन्या काळी चार माणसं एकाच गेमच्या मशीनभोवती उभी राहून गॉन्टलेट नावाचा खेळ खेळायची, १९८५ साली, आणि १९९८ मध्ये पहिला डायब्लो प्लेस्टेशनवर आला तेव्हाही दोघं एका पडद्यावर खेळू शकत होते, हे तू मला त्या लॉकडाऊनमध्येच सांगितलं होतंस. मी तेव्हा म्हटलं होतं, म्हणजे भोंडल्यासारखं, फेर धरल्याशिवाय गाणं पुढे जात नाही. तू त्यावर फार हसला होतास, पण मला अजूनही तसंच वाटतं. पडदा एकच असला की दुसऱ्याकडे लक्ष द्यावंच लागतं.

वसुबारसेला निघून ये, धनत्रयोदशीला गाड्यांना फार गर्दी असते. चकल्या मी तू आल्यावरच तळणार, सोऱ्या फिरवायला माणूस लागतो. चिवडा पातळ पोह्यांचा केलाय, डब्यातला थोडा काढून बाजूला ठेवलाय, नाहीतर मनू संपवेल. बाबांची तब्येत ठीक आहे. साखर जरा वाढली होती, आता रोज सकाळी चालायला जातात, रस्त्यात ओळखीचे भेटले की तासभर तिथेच उभे राहतात.

एका कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप सरकायला लागली होती, हिरो उभ्याउभ्या भिंतीकडे चालायचा. तो मी दुरुस्त करून आणला. मनूला तोच देणार, चांगला झालाय. माझा क्रुसेडर यादीत आहे तसाच ठेव. तुमचं पहिला अंक संपेपर्यंत मी मध्ये येणार नाही, स्वयंपाकघरातूनच ऐकेन. खाटीक पडला की मला हाक मारा. मग मीही लेव्हल १ चा नवा हिरो काढून तुमच्यात येते.

त्यासाठी तिसरा कंट्रोलर लागेल. तू लॅपटॉपला जोडायला म्हणून नागपूरला नेलास तो आठवणीने बॅगेत टाक.

तुझी
आई