सानूस, पल्सर विकण्याआधी

कोल्हापूर, रविवार, रात्री

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

काल तू पल्सर विकून ट्रायम्फ घ्यायचं आणि शनिवारी ग्रुपबरोबर आंबोलीचा घाट उतरायचं काढलंस, तेव्हा फोन मीच आपटला. आईला मात्र रेंज गेली असं सांगितलंय, तेव्हा तिने विचारलं तर तूही तेच सांग. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यात आपल्या दोघांचं आणखी नको.

सोबतच्या पार्सलात पुढच्या डिस्कचे पॅड आणि क्लचची केबल आहे. पॅड तिकडेच बसवून घे, कोल्हापूरला येईपर्यंत थांबू नकोस, खंबाटकी त्याच्या आधी येते. बसवताना समोर उभी राहा. पिस्टन आत ढकलायच्या आधी पुसायला सांग, धुळीसकट ढकलतात लेकाचे. आणि नंतर लिव्हर दाबून दाबून घट्ट लागेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो.

आंबोलीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. विषय पल्सरचा आहे.

तू म्हणालीस, ग्रुपमध्ये तिला ‘डिलिव्हरी गाडी’ म्हणतात. म्हणू देत की. आपल्या दुकानात याहून वाईट ऐकलंय मी. अप्पांच्या वेळी बुलेटवाल्यांचं बाकडं वेगळं आणि येझदीवाल्यांचं वेगळं. कुणी तसं ठरवून दिलं नव्हतं, आपोआप झालेलं. बुलेटवाला आला की टाकीवर थाप मारायचा, बटण चालू करायचा, डीकम्प्रेसर दाबून किक हळूहळू खाली न्यायचा, ॲमीटरचा काटा मधोमध आला की मग एकच लाथ. गाडी उठली की आजूबाजूला बघायचा, कुणी बघितलं का म्हणून. येझदीवाले त्याला हसायचे. त्यांचं कौतुक निराळं. ज्या दांड्याने किक मारायची तोच दांडा आत दाबून फिरवला की गिअरचा. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. परगावचा नवखा माणूस येझदीवर बसला की किक शोधत बसायचा आणि बाकड्यावरची मंडळी त्याला मुद्दाम सांगायची नाहीत. मग मागून यामाहाच्या आरएक्स हंड्रेडची पोरं आली, ती दोघांनाही म्हातारे म्हणायची. 98 सीसीची काडी, पण पहिल्या दोन गिअरात कुणालाच ऐकायची नाही.

म्हैसूरचा येझदीचा कारखाना आणि आरएक्स हंड्रेड, दोन्ही 1996 लाच संपलं. भांडण मात्र संपलं नाही. आपल्याकडच्या पेठांच्या फुटबॉलसारखं आहे ते, खेळाडू बदलतात, तालीम बदलत नाही.

आणि या सगळ्यात दुकान कुणी चालवलं? राजदूतवाल्या दूधवाल्यांनी. दोन्ही बाजूंना कॅन, सीट फाटलेली, मडगार्ड तारेने बांधलेलं. बुलेटवाले वहीत लिहायला लावायचे, दूधवाले दहा तारखेच्या आत रोख मोजायचे. अप्पा बुलेट आतल्या सावलीत घ्यायचे आणि राजदूत रस्त्यावर उन्हात सोडवायचे, पण हात आधी राजदूतला लावायचे. सकाळच्या धारेला गाडी पाहिजे त्याला, म्हणायचे. तुझी पहिलीपासूनची फी त्यातून गेलीय, म्हणून ‘डिलिव्हरी गाडी’ या शब्दाने मला राग येत नाही. तुला का येतो ते कळत नाही.

नाही, कळतं. जूनमध्ये तुम्ही सगळे गोव्याला जाताना दुकानावर थांबलात तेव्हा मी कॉम्प्रेसरच्या मागे होतो. फोटो काढायचा होता. ती निळी इंटरसेप्टर मधे, दोन हिमालयन, केशरी ड्यूक, ट्रायम्फ. तो दाढीवाला तुला म्हणाला, “पल्सर जरा बाजूला घे ना, फ्रेममध्ये येतेय.” आणि तू हसत हसत घेतलीस. स्टँड काढून, दोन्ही हातांनी ढकलत, पलीकडे सुन्याच्या स्प्लेंडरशेजारी नेऊन लावलीस आणि धावत येऊन फोटोत उभी राहिलीस. सुन्यानेही बघितलं. काही बोलला नाही तो, पाना पुसत राहिला.

मी तेव्हाच बोलणार होतो. पण मिसळ आली, तू सगळ्यांना “माझे बाबा इंजिन कानाने ओळखतात” असं सांगत होतीस, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटत होतं. ड्यूकवाल्या पोराची चेन एवढी ढिली होती की स्विंग आर्मला घासत होती. मी ओढून दिली तर म्हणाला, “थँक्यू अंकल, पण मी सर्व्हिस सेंटरला दाखवीनच.” दाखव बाबा.

त्या पोरांना एक विचार. ड्यूक ऑस्ट्रियाची म्हणून जो मिरवतो, त्याची गाडी चाकणला जोडली जाते, बजाजच्या कारखान्यात. तू बघून आलीस ती ट्रायम्फ 400 सुद्धा तिथलीच. नाव इंग्लंडचं, जोडणी चाकणची. बीएमडब्ल्यूची छोटी 310 होसूरला टीव्हीएसकडे बनते. हार्ले 440 बनवते हिरो, जी सुन्याची स्प्लेंडर बनवते तीच. बुलेटची मूळ इंग्लंडातली कंपनी कधीच बंद पडली, 1955 पासून मद्रासला सुरू झालेली तेवढी राहिली. सगळ्या गाड्या चांगल्या आहेत, मी एकालाही नावं ठेवत नाही. पण मग तुझ्या पल्सरला कुठल्या तोंडाने हसतात? कंपन्यांचं तर विचारूच नको. बजाजने डॉमिनार काढली तेव्हा बुलेटवाल्यांना हिणवायला ‘हाथी मत पालो’ अशा जाहिराती केल्या होत्या. बुलेटवाले त्यावर आठवडाभर आपल्या बाकड्यावर पेटले होते. माझा चहाचा खर्च वाढला, बाकी काही झालं नाही.

आणि पल्सर 2001 ला आली तेव्हा जाहिरातीत काय लिहायचे आठवतं का? तू लहान होतीस. ‘डेफिनेटली मेल’. म्हणजे ही पुरुषाचीच गाडी. ती गाडी माझी पोरगी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रोज मारते, हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सुन्या माझ्याआधी वाक्य पुरं करतो.

बरं, आता मुद्द्यावर येतो. हप्ता तुझा, पगार तुझा, गाडी तू घेणार. मी वरचढ बोललो असेन तर सोड. ट्रायम्फ वाईट नाही. उलट एक गोष्ट तीत आहे जी तुझ्या गाडीत नाही, एबीएस, ब्रेक जोरात लागला तरी चाक जाम होऊ न देणारं. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल 2019 पासून. तुझी 2017 ची. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात लागला की चाक जाम होणार आणि गाडी खालून निघून जाणार. त्या सगळ्यांच्या गाड्यांना एबीएस आहे, ते वळणाच्या तोंडाशी येऊन ब्रेक मारतात आणि निभावतं त्यांचं. तू त्यांच्या मागून त्यांच्याच जागेवर ब्रेक मारलास तर तुझं निभावणार नाही. तेव्हा एबीएससाठी गाडी घेत असशील तर उद्या बुक कर, कमी पडले तर मी घालतो. फोटोत उभं राहण्यासाठी घेत असशील तर मला विचारू नकोस.

हे आंबोलीचंच झालं. लिहायचं नव्हतं, पण आलंच आहे तर पुरं करतो.

श्रावणात आंबोलीत दहा फुटांवरचं दिसत नाही. कठड्याच्या बाजूला शेवाळ असतं, रस्त्यावरचे पांढरे पट्टे साबणासारखे होतात. धबधब्याशी लोक रस्त्यात उभे राहून फोटो काढतात आणि माकडं त्यांच्या हातातली कणसं पळवायला मधे येतात. तुझ्या गाडीत 14 घोडे आहेत, त्या निळ्या इंटरसेप्टर 650 त 47. पुढचा साठने चाललाय असं त्याला वाटत असतं, आणि खरंच साठनेच चालला असतो. पण तो ट्रकमागे अडकतो, सुटतो, पुन्हा पळतो, आणि प्रत्येक वेळी पडलेलं अंतर भरून काढायला शेवटच्याला ऐंशी मारावी लागते. पुढच्याला याचा पत्ताच नसतो. म्हणून ज्यांना ग्रुपने गाडी मारता येते ते सगळ्यात लहान गाडी लीडच्या, म्हणजे सर्वात पुढच्याच्या, पाठोपाठ ठेवतात. तिला झेपेल तो वेग सगळ्यांचा. तुझ्या ग्रुपमध्ये तू कितवी असतेस? जूनमध्ये दुकानावरून निघताना तू शेवटची होतीस. सायबर चौकाकडे वळेपर्यंत बघत होतो.

लीडच्या मागे राहा, नाहीतर सरळ सांग की मी माझ्या वेगाने येते. मागे राहिलीस तर राहा. कुणी थांबलं नाही तरी चालेल, सावंतवाडी कुठे पळून जात नाही.

विजूकाकाचं मी काढणार नव्हतो. तुझ्या आजीसमोर तर ते नावच काढत नाही कुणी. एवढंच लिहितो की त्या दिवशी पुढच्यांच्या गाड्या मोठ्या होत्या, आणि त्याला ते मागे पडणं लागत होतं. आदल्या रात्री इथेच बसून मला म्हणाला होता, उद्या बघ, एकालाही पुढे जाऊ देत नाही. मी हसलो होतो. ती पोरं वाईट नव्हती. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी चहा पीत वाट बघत होती. येतोय मागून, असंच वाटलं सगळ्यांना.

पुरे.

आज दुकानात तुझी ती फुटलेली लाल हेल्मेट सापडली, रॅकच्या वरती. विद्यापीठाच्या आवारात तुला शिकवलं तेव्हाची. तुझे पाय टेकत नव्हते, मी सीडी हंड्रेडची सीट काढून फोम कापला होता. आई म्हणाली, सगळ्या गल्लीच्या पोरी स्कूटी शिकतात, हिला हे कशाला? तू पहिल्याच दिवशी क्लच सोडून गाडी मेहंदीत घातलीस. मी धावत आलो तर पडल्या पडल्या विचारलंस, “बाबा, इंजिन बंद केलं मी, बरोबर ना?” चावी तुझ्या मुठीत. कोपर सोललेलं होतं, ते घरी आल्यावर आईला दिसलं. मला वाटलं होतं ही आता आठवडाभर हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तूच उठवलंस. त्या गाडीला कुणी हसलं असतं तर तू काय केलं असतंस, तेव्हा? मला आठवतं तू काय करायचीस. बंडूने चिडवलं तर त्याच्या सायकलची हवा सोडली होतीस.

तसं काही करू नकोस आता. त्या दाढीवाल्याच्या टायरमध्ये हवा राहू दे, त्यालाही घाट उतरायचाय.

मी फार लांबवलं. तुला वाटेल बाबा गाड्यांच्या नावाखाली पुन्हा उपदेश करतायत. तसंच आहे, काय करू. फोनवर तू मधे बोलतेस आणि मग माझा आवाज चढतो, पत्रात तेवढी सोय बरी. ती पोरं चांगली असतील. तू पंक्चर झालीस तेव्हा रात्री कराडला त्यातलाच एक थांबला होता म्हणालीस, तो कोण? तो असेल तर त्याच्या मागे राहा.

शनिवारी दुकानावर थांबणार असाल तर मिसळ माझ्याकडून. चेन सगळ्यांच्या बघून देईन, सर्व्हिस सेंटरवाल्याचीसुद्धा. नाही थांबलात तरी राग नाही. फक्त निपाणी सोडली की एक मेसेज, आजऱ्याला एक, आणि खाली सावंतवाडीत उतरलीस की फोन. शेवटी कोण असतं त्याचा नंबर पाठव. आईला नको, मला.

तुझा,
बाबा

ता. क. पल्सर विकायचीच ठरली तर ऑनलाइन टाकू नकोस. सुन्या दोनदा विचारून गेलाय, तिसऱ्यांदा लाजतोय. किंमत मी ठरवीन, तू मधे पडू नकोस, नाहीतर फुकट देशील.