रस्ता खरवडल्याशिवाय नवा थर नको

महोदय,
शहराच्या मध्यवस्तीतील जुन्या घरांच्या भिंतींना तळाशी ओल येते, पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो. मालक रंगाऱ्याला किंवा गवंड्याला बोल लावतो, पण पुष्कळदा मूळ दुखणे दाराबाहेरच्या रस्त्यात असते.

जुना थर न काढता त्यावर 40 मि.मी. डांबर टाकले आणि असे पाच वेळा झाले, की रस्ता 20 सें.मी. वर येतो. जोते 45 सें.मी. उंच असेल तर ते जवळजवळ निम्मे गाडले जाते. तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा असलेला लाकडी खांब मुळात ओलीपासून वर ठेवलेला असतो. बाहेरची पातळी तळखड्याच्या माथ्याला टेकली की खांबाचा बुंधा कुजू लागतो आणि वाळवीला वाट मिळते. खांब वरून धडधाकट दिसतो, त्यामुळे बुंध्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर वरचा भार टेकूवर घेतल्याशिवाय खांबाला हात लावू नये.

रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता ठेवण्याची पद्धत रुंद रस्त्याला ठीक आहे. तीन मीटरच्या बोळात कड म्हणजे घराची भिंतच. 50 ला 1 उतार दिला तरी मध्यापासून भिंतीपर्यंत 3 सें.मी. उतार पडतो आणि पावसाचे पाणी दोन्ही बाजूंच्या जोत्यांना लागते. अशा बोळात उतार भिंतींकडून मध्याकडे हवा आणि पाणी वाहून नेणारी पन्हळ मधोमध हवी. भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट ओतणे तर आणखी वाईट. जमिनीतल्या ओलीला वर यायला जागा राहत नाही, मग ती भिंतीत चढते. भिंतीलगत निदान 20 सें.मी. पट्टा मोकळा ठेवून त्यात खडी भरावी आणि तळाला गटाराकडे उतरता छिद्रांचा पाइप टाकावा.

घरमालकांची चूक होते ती गिलाव्यात. चुन्यात बांधलेल्या भिंतीला ओल दिसताच सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट चढवला जातो. वर्षभर भिंत छान दिसते. पण बाहेर पडायचा रस्ता बंद झाल्याने ओल गिलाव्यामागून आणखी वर चढते आणि पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेला डाग कमरेपर्यंत येतो. त्याऐवजी आधी बाहेरचे पाणी तोडावे. डागाच्या वर 30 सें.मी.पर्यंतचा सिमेंट गिलावा काढावा, सांधे 15 ते 20 मि.मी. खोल उकरावेत, फुटलेला खार कोरड्या ब्रशने झाडावा. धुतला तर तो पुन्हा भिंतीत मुरतो. मग भिंत वाळू द्यावी. यात घाई नडते: जाडीच्या दर इंचाला एक महिना हा ठोकताळा धरला तर दीड फुटी भिंतीला दीड वर्ष लागते. नंतर एक भाग चुना, तीन भाग वाळू असा गिलावा 10-12 मि.मी.च्या थरांत करावा, प्रत्येक थर सुरुवातीला दमट ठेवावा आणि वर चुन्याचीच सफेदी द्यावी.

मात्र रस्ता पुन्हा वर आला तर हा सगळा खर्च वाया जातो. म्हणून महापालिकेने मध्यवस्तीतील रस्त्यांच्या निविदेतच अट घालावी, की जेवढ्या जाडीचा नवा थर, तेवढा जुना आधी खरवडायचा. पेव्हर ब्लॉक बसवतानाही हेच लागू करावे. चेंबरची झाकणे नव्या पृष्ठभागाशी समतल असावीत. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची उंची मोजून नोंदवावी आणि काम झाल्यावर पुन्हा मोजावी. समपातळी दाखवणारी, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी एवढ्यावर हे काम दोन माणसे करतात. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर होऊ नये.

– एक वाचक