आधी हवेची काळजी, मग भाजीची

म्युनिक,
१० एप्रिल २०२१

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर सगळे एकदम बोलतात आणि मुद्दा अर्धवट राहतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. दादाने आणि वहिनींनीही हे पत्र वाचावे, कारण यातील बऱ्याच गोष्टी त्यांच्या हातात आहेत. मार्चच्या अखेरीस केंद्र सरकारने कोरोनाचे सर्वाधिक उपचाराधीन रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांची नावे सांगितली, त्यांत नाशिक होते, आणि तेव्हापासून माझे लक्ष सतत तुमच्याकडे लागलेले आहे. सोमवारपासून निर्बंध वाढले, शनिवार-रविवारचा बंद आला. तरीही दादाची नोकरी आहे, दूध-भाजी आहे, मंगळवारी पाडवा आहे. सगळेच टाळून कोणतेही घर चालत नाही, त्यामुळे कशाला किती जपायचे याचा हिशेब मांडावाच लागतो. आपल्या घरात तो हिशेब उलटा मांडला गेला आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. जिथे धोका अगदी थोडा आहे तिथे आई रोज कष्ट उपसते, आणि जिथे तो खरोखर मोठा आहे तिथे सगळे निर्धास्त बसलेले असतात.

परवा व्हिडिओ कॉलवर मी आपली गॅलरी पाहिली. सोड्याच्या पाण्यातून काढलेली कोथिंबीर वर्तमानपत्रावर काळवंडून पडली होती, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या दोरीला चिमट्यांनी टांगल्या होत्या, आणि आई, तुझ्या बोटांची कातडी सॅनिटायझरने सोलवटलेली दिसत होती. गेल्या वर्षी हे सगळे करण्याला कारण होते. प्लॅस्टिकवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकतो, असे प्रयोगशाळेत आढळले होते आणि याहून अधिक कुणालाच ठाऊक नव्हते. परंतु प्रयोगशाळेत भरपूर विषाणू मुद्दाम ठेवून केलेली चाचणी आणि भद्रकालीच्या बाजारातून आलेली मेथीची जुडी यांत पुष्कळ अंतर आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने याच आठवड्यात, ५ एप्रिलला, दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले आहे. तेव्हा भाजी नेहमीसारखी साध्या पाण्याने धुवावी, बाहेरून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, आणि बाकीचे सोडून द्यावे. आई, तुझी शक्ती मला दुसऱ्या कामासाठी हवी आहे.

ते काम हवेचे आहे. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की पुढच्या खोलीत बसलेल्या माणसालाही ठसका लागतो, आणि तीच फोडणी अंगणातल्या चुलीवर दिली तर चार हातांवरच्या माणसाला काहीच कळत नाही. बाधित माणसाच्या श्वासातून आणि बोलण्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म थेंब असेच बंद खोलीत साचत जातात, उघड्यावर विरून जातात. शिवाय लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो, त्यामुळे समोरचा ठणठणीत दिसतो यावर विसंबता येत नाही. जागा किती बंद आहे, माणसे किती आहेत, किती वेळ एकत्र आहेत, मास्क आहे की नाही आणि ती किती मोठ्याने बोलत आहेत, एवढेच प्रत्येक प्रसंगी विचारावे. मार्चअखेरीस नाशिकच्या बाजारपेठांत शिरायला पाच रुपयांची पावती आणि तासाभराची मुदत ठेवली, जास्त थांबणाऱ्यास पाचशे रुपये दंड लावला, तेव्हा दादाला ते विचित्र वाटले होते. पावतीपुढे गर्दी होऊ नये हे खरेच, पण तासाची मर्यादा मला पटली. संसर्ग हा नुसत्या भेटीचा प्रश्न नसतो, तो वेळेचाही असतो.

आई, आता तुझ्या भजनी मंडळाविषयी. मंदिरे बंद झाल्यापासून तुम्ही बायका आळीपाळीने एकीच्या घरी हरिपाठाला जमता, असे वहिनींकडून कळले. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. एकसष्ट माणसे अडीच तास एकत्र होती. दाराशी सॅनिटायझर ठेवलेले होते, हस्तांदोलन आणि गळाभेट त्यांनी टाळली होती. त्यांच्यातील एका व्यक्तीला सर्दीसारखी लक्षणे होती. तिच्यापासून बावन्न जणांना लागण झाली किंवा झाल्याचे मानले गेले, आणि दोघे दगावले. हात स्वच्छ होते, पण गाताना छातीतून जोराने बाहेर पडणारी हवा सगळ्यांनी मिळून श्वासात घेतली. तुमच्या मंडळात साठीच्या पुढच्याच बायका अधिक आहेत. फ्लॅटच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, टाळांच्या वर आवाज चढवून तासभर म्हटलेला हरिपाठ हा मला आपल्या घरातील सगळ्यात मोठा धोका वाटतो. काही आठवडे तो फोनवरून म्हणा. फारच चुकल्यासारखे वाटले तर इमारतीच्या गच्चीवर दोघी-तिघींनी लांब लांब बसून, मास्क लावून, हळू आवाजात म्हणावा. ज्या साहित्य संमेलनाची तू वर्षभर वाट पाहिलीस तेही पुढे ढकलले गेले, त्यात आता हेही मी तुझ्याकडून मागते आहे. किती मोठे आहे ते मला समजते.

बाबा, तुमच्या फिरण्याला माझा मुळीच विरोध नाही, आणि दादाने ते बंद करू नये. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सोमवार ते शुक्रवार सकाळी सातनंतर, गर्दीची वेळ चुकवून, अंतर ठेवून एकट्याने चालण्याचा धोका फार कमी आहे. आतापर्यंतच्या अभ्यासांत नोंदल्या गेलेल्या संसर्गांपैकी उघड्यावर झालेले दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. चालणे थांबले तर तुमची साखर वाढेल, हा धोका मात्र नक्की आहे. मला काळजी आहे ती संध्याकाळची. कॉलेज रोडवरच्या मित्रांच्या दिवाणखान्यात, दार लावून, एसी सुरू करून, चहासाठी मास्क हनुवटीवर घेऊन तुम्ही चौघे बसता. चौघेही जुने मित्र, चौघेही सत्तरीचे, म्हणून ती बैठक सुरक्षित वाटते. परंतु ओळखीचा माणूस कमी संसर्गजन्य असतो असे काही नाही. त्यांना सकाळी फिरायला बोलवा आणि चालता चालता बोला.

तुमच्या मास्कविषयीही थोडे लिहिते. फोनवर बोलताना तुमच्या चष्म्यावर वाफ धरते, याचा अर्थ नाकाच्या दोन्ही बाजूंनी हवा सुटते आहे, आणि जिथून सुटते तिथूनच आतही येते. इथे बव्हेरिया राज्यात १८ जानेवारीपासून दुकानांत आणि बस-रेल्वेत एफएफपी-२ मास्क सक्तीचा आहे. आपल्याकडचा एन-९५ त्याच तोलाचा आहे. झडप असलेला घेऊ नका, कारण झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा आणि श्वास सोडून पाहा; चष्मा कोरडा राहिला म्हणजे मास्क नीट बसला. एन-९५ न मिळाल्यास आत सर्जिकल आणि वर घट्ट कापडी, असे दोन एकत्र लावावेत.

दादा, तू कंपनीतून आल्यावर कपडे डेटॉलच्या पाण्यात टाकतोस, अंघोळ करतोस आणि मग आई-बाबांच्या खोलीत एसीत बसून सगळ्यांसोबत जेवतोस. अंघोळ जरूर कर, पण बाहेरून काही आणलेच असशील तर ते कपड्यांपेक्षा श्वासातून येण्याची भीती अधिक आहे. तुझे वय अजून लसीच्या टप्प्यात बसत नाही, आणि घरात रोज बाहेर जाणारा तू एकटाच आहेस. अंबडच्या कारखान्यात सगळे मास्क लावतात हे तू सांगितलेस. प्रश्न कॅन्टीनचा आहे, जिथे एका टेबलावर सहा जण समोरासमोर डबे उघडून, भाजी वाटून घेत, अर्धा तास बोलतात. दिवसभराची सावधगिरी त्या अर्ध्या तासात वाया जाते. तू डबा शेडबाहेर झाडाखाली, एकट्याने खा. आठ-पंधरा दिवस मित्रांना वाईट वाटेल. तू कारण सांगितलेस तर त्यातले दोघे-तिघे तुझ्यासारखेच बाहेर येऊन बसतील. कंपनीच्या बसमध्ये खिडकी उघडी ठेव आणि शक्य असेल तेव्हा स्वतःच्या मोटारसायकलने जा.

घरातील हवेसाठी फारसा खर्च नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. आपला जुना कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवला आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवले, तर तो सतत बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि आतली बाहेर जाते. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये तो गारही चांगला करतो. तेव्हा आई-बाबांच्या खोलीत यंदा एसीऐवजी कूलर लावावा. डासांची जाळी राहू द्या, तिच्यातून हवा येते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा जेवणाच्या वेळी चालू ठेवा. इथल्या शाळांत भर थंडीत दर वीस मिनिटांनी खिडक्या उघडत, मुले अंगात कोट घालून बसत. आपल्याला तर खिडकी उघडायला उन्हाखेरीज कसलीच अडचण नाही. आई-बाबांनी आधी जेवावे आणि दादाने नंतर, एवढे महिनाभर करा.

संगमनेरच्या लग्नाबद्दल तुम्ही माझे मत विचारले होते. पन्नास जणांची परवानगी आहे म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. परवानगी हा शासनाचा हिशेब असतो, आपल्या घरातील बाबांच्या मधुमेहाचा नाही. मंगल कार्यालयाचा बंद हॉल, मास्क काढून पंगत, फोटोसाठी खांद्याला खांदा, आणि जाता-येता सिन्नरवरून काचा लावलेली गाडी, हे सगळे मिळून मला नको वाटते. मावशी रागावेल, तिच्याशी मी स्वतः बोलेन. दादाने एकट्याने अक्षतांपुरते जावे, मास्क काढू नये, न जेवता परतावे, आणि पुढचा आठवडाभर आई-बाबांपासून वेगळ्या खोलीत राहावे. हे जमणार नसेल तर त्यानेही जाऊ नये. लग्नाहून आल्यावर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. लागण झाल्यापासून पहिले काही दिवस चाचणीत ती बहुधा दिसतच नाही.

बाबा, जर्मनीने कोविशिल्ड लशीवर बंदी घातली असा जो निरोप तुमच्या ग्रुपवर फिरतो आहे, तो खरा नाही. इथे ॲस्ट्राझेनेकाची लस १५ मार्चला थांबवली, चार दिवसांनी पुन्हा सुरू केली आणि ३० मार्चला ती प्रामुख्याने साठीच्या पुढच्यांना देण्याचे ठरले. सुमारे सत्तावीस लाख डोसांमागे मेंदूतील शिरांत गुठळी होण्याच्या ३१ घटना नोंदल्या गेल्या होत्या, त्याही बहुतांशी कमी वयाच्या स्त्रियांत. म्हणजे ज्या वयासाठी ही लस इथे मुद्दाम राखली आहे, ते तुमचेच वय आहे. इथल्या राष्ट्राध्यक्षांनी, वय ६५, १ एप्रिलला तीच लस घेतली. पुण्याच्या सीरममध्ये तयार होणारी कोविशिल्ड ही तीच लस आहे. दोघांनी दुसरा डोस जरूर घ्या, मात्र चौथ्याच आठवड्यात घाई करू नका. केंद्राने आता सहा ते आठ आठवड्यांचे अंतर सांगितले आहे. लसीकरण केंद्रावर गर्दी असेल तर बाहेर मोकळ्यावर थांबा, दादा आत नंबर लावेल. आणि पहिला डोस झाला म्हणून दिवाणखान्यातील बैठक चालू ठेवावी, असे अजिबात नाही.

काढा आवडत असेल तर प्या. त्याने घशाला बरे वाटते, पण तो घेतला म्हणून बाहेर जायला हरकत नाही असे समजू नका. वाफ घेणे मात्र थांबवा, निदान अर्णवला देऊ नका. तिने विषाणू मरत नाही आणि उकळत्या पाण्याचे पातेले लहान मुलाजवळ नको. त्याला सोसायटीच्या मैदानात एक-दोन मित्रांसोबत खेळू द्या, कुणाच्या घरात नको.

कुणाला ताप, खोकला, अंगदुखी किंवा वास न येणे असे काही जाणवले, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच घटकेला त्याची खोली वेगळी करा. दारात जेवण ठेवा, आत जाणाऱ्याने आणि आतल्यानेही मास्क लावावा, खिडकी उघडी असावी. ऑक्सिमीटर शांत बसून, बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नसताना लावावा. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला तर दम लागत नसला तरी डॉक्टरांना लगेच फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका.

पाडव्याला गुढी उभारा, पुरणपोळी करा, आत्याचा डबा दादाने तिच्या दारातूनच द्यावा. दोघांच्या दुसऱ्या डोसची तारीख ठरली की मला कळवा. कूलर खिडकीत बसवायला माणूस बोलावलात तर तो असेपर्यंत सगळ्यांनी मास्क लावून दुसऱ्या खोलीत थांबा. रविवारी तुमच्या संध्याकाळी सात वाजता फोन करते. तेव्हा संगमनेरचे काय ते नक्की करू.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मेधा