सुट्टीत कपाटाला कुलूप नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात साताऱ्यातल्या एका शाळेत चौथीत आहे. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, शाळेने मुलांना आव्हान दिलं : वार्षिक परीक्षेपर्यंत वीस पुस्तकं वाचायची आणि प्रत्येक पुस्तकापुढे कार्डावर घरच्यांची सही घ्यायची. म्हटलं, झालं! आता सह्या ठोकायचं काम आपल्या गळ्यात.

पण घराचीच संध्याकाळ बदलली. आजी भाकरी थापते आणि ही शेजारी पाट टाकून मोठ्याने वाचते. एकदा लवकर उरकायला पोरीने मधली दोन पानं गाळली. आजीने परातीतली नजर न काढता विचारलं, "अगं, शेळी खुंट्याला बांधली होती ना? मग ओढ्यावर कधी पोचली?" पानं मुकाट मागे उलटली. मुलगा एसटीत चालक आहे. स्वारगेटला मुक्काम असला की तो फोनवर गोष्ट ऐकतो. सही मात्र घरी आल्यावर, चार प्रश्न विचारूनच.

जानेवारीत तिला भिलारला नेलं. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव २०१७ साली सुरू झालं. (निम्मा वेळ स्ट्रॉबेरीपायी गेला, ते सोडा.) तिथे लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जावं, बसून वाचावं. नातीने हळूच विचारलं, "आजोबा, इथे कुलूप लावत नाहीत?"

हे तिला का सुचलं, ते परीक्षा संपल्यावर कळलं. सगळी पुस्तकं शाळेत जमा आणि कपाट बंद, ते थेट जूनमध्ये उघडणार. विचारलं तर म्हणाले, पुस्तकं फाटतात, हरवतात, हिशेब आम्हाला द्यावा लागतो. अडचण खरी आहे. पण बंद कपाटात वाळवीने खाल्लेली पुस्तकं मी पाहिली आहेत, त्यांचा हिशेब कोण मागतो? पालकांची सही घेऊन प्रत्येक मुलाला सुट्टीपुरती तीन पुस्तकं द्यावीत. फाटलं तर आम्ही चिकटवू, हरवलं तर भरून देऊ. शाळांनी यंदापासूनच एवढं करून पाहावं.

नातीचं अठरावं पुस्तक अर्ध्यावरच परत गेलं. त्यातला पोरगा विहिरीच्या कठड्यावर चढलेला आहे. तो पडतो की वाचतो, यावर आमच्याकडे रोज जेवताना वाद चालू आहे.

— एक आजोबा, शाहूपुरी, सातारा