डेकसाठी आभार, काका

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

मागच्या अंगणातला डेक, म्हणजे घराला लागून असलेला लाकडी ओटा, स्टेनसकट (लाकडात मुरणाऱ्या रंगीत तेलासकट) पुरा झाला. आभार फोनवरही मानता आले असते, पण उन्हाळा लागला की न्यू जर्सीत घरोघरी हे काम निघतं, म्हणून तुम्ही धरलेले हट्ट सगळ्यांना वाचता येतील असे लिहितोय.

बघणाऱ्याची नजर वरच्या फळ्यांवर जाते. तुम्ही सुरुवात केलीत ती घराच्या भिंतीपासून. जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या तुळया, भिंतीवरच्या ज्या आडव्या फळीला टेकतात तो लेजर नुसत्या खिळ्यांवर ठेवायचा नाही. माणसं जमली की खिळे भिंतीतून उपसतात आणि डेक बहुधा तिथूनच कोसळतो. म्हणून अर्धा इंची लॅग स्क्रू (लाकडात बसणारे जाड स्क्रू), एक वर एक खाली असे. लेजरच्या वर फ्लॅशिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पत्र्याची पट्टी, तिची वरची कड भिंतीवरच्या पाणीरोधक कागदाआड, म्हणजे पाणी लेजरमागे मुरत नाही. ती पट्टी साध्या ॲल्युमिनियमची नको, हे तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं. आर्सेनिकवालं ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं) लाकूड अमेरिकेत २००३ अखेर घरगुती कामातून गेलं; आताच्या ट्रीटेड पाइन लाकडात तांबं जास्त असतं आणि ते ॲल्युमिनियम, साधं स्टील दोन्ही खातं. म्हणून हँगर (जॉइस्ट लेजरला धरून ठेवणारे धातूचे कंस) आणि त्यांचे खिळे दोन्ही हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले.

खांबांचे पाये ३६ इंच खोल, नाहीतर हिवाळ्यात गोठलेली माती त्यांना वर उचलते. कापलेल्या प्रत्येक टोकाला कॉपर नॅफ्थेनेट हे कुजरोधक औषध, कारण कारखान्यातलं औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. कंटाळवाणं काम आहे, पण कुजायला सुरुवात टोकांपासूनच होते. ओल्या फळ्या एकमेकींना भिडवून बसवायच्या; वाळल्या की फट आपोआप पडते.

स्टेनसाठी तुम्ही थांबवलंत त्याचे आभार सर्वात जास्त. पाण्याचे थेंब फळीवर तसेच मोत्यासारखे राहिले तर लाकूड तयार नाही; मुरले तर तयार. आधी सोडियम परकार्बोनेटने धुवायचं, मग ऑक्झॅलिक ॲसिडने उजळायचं, नंतर दोन दिवस कडक वाळवायचं. पॉलिश पेपर ८० नंबरपेक्षा बारीक नको, लाकूड गुळगुळीत झालं की स्टेन पीत नाही. सावलीत, एका वेळी दोन-तीन फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच थांबलं तर जोडाचा काळा पट्टा उमटतो. पंधरा-वीस मिनिटांत न मुरलेलं तेल पुसून घ्यायचं. जाड थर दिला की तो चिकट राहतो आणि पुढे सुटतो.

आणि त्या चिंध्या! तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेतात. तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकेक पसरून बाहेर वाळवल्या.

अर्धा डबा स्टेन उरलाय. तुमच्या मागच्या पायऱ्यांना पुरेल, शनिवारी आणून देतो.

तुमचे,
शेजारी