आधी उजेड बघणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून हे उघड पत्र. घरी प्रोजेक्टर बनवायचा नाद असलेलं कोणी वाचत असेल तर त्यालाही उपयोग होईल. तुमचं नाव लिहीत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

मशीन माझ्या मुलाचं. प्लायची पेटी, मागचा बॅकलाइट (पडद्याचा स्वतःचा दिवा) काढून टाकलेलं सात इंची एलसीडी पॅनेल, त्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक फ्रेनेल (गोल रेघा असलेली चपटी लेन्स), मागे शंभर वॅटची एलईडी आणि पुढे 200 मिमी फोकल लेंग्थची लेन्स. उन्हाळ्यात भिंतीवर चित्र छान यायचं. पावसाळा लागला आणि खालचा उजवा कोपरा धूसर झाला. तो नीट करावा तर वरचा डावा जायचा. त्यात डावी बाजू पिवळट, मंद. गणपतीत वाड्यातल्या मंडळींना जुन्या नाटकांचं रेकॉर्डिंग दाखवायचं ठरलेलं, आणि येणारा प्रत्येक जण सांगायचा, "लेन्स बदला."

तुम्ही आलात आणि लेन्सला हात न लावता आधी पॅनेलच काढायला लावलंत. मुलाचा चेहरा पडला, तेव्हा तुम्ही तुमच्या टॉकीजच्या भाषेत म्हणालात, "पहेलां लाइट, पछी पिक्चर", म्हणजे आधी उजेड, मग चित्र. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करणाऱ्या जुन्या कार्बन आर्कच्या मशीनवर उमेदवारी केलेला माणूस दुसरं काय म्हणणार! जळत जाणारे कार्बन पुढे सरकवत उजेड आरशाच्या फोकसवर धरून ठेवायचा, हेच ऑपरेटरचं अर्धं काम होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मंद बाजू ही एक तक्रार आणि धूसर कोपरा ही दुसरी, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही लेन्सच्या तोंडाशी बटर पेपर धरलात. एलईडीचा तेजस्वी ठिपका लेन्सच्या मधोमध पडायला हवा, तो एका बाजूला सरकून कडेला कापला जात होता. म्हणजे पिवळटपणा पॅनेलचाही नव्हता आणि लेन्सचाही. हीट सिंकचे (एलईडी थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याचे) स्क्रू सैल करून एलईडी सरकवली, ठिपका मध्यावर आला आणि भिंतीवरचा पांढरा चौकोन चारी बाजूंनी सारखा उजळला. जाता जाता दोन्ही फ्रेनेलच्या रेघांची बाजू पॅनेलकडे आहे ना, हेही तुम्ही बोट फिरवून पाहिलंत. ती बरोबर होती, आणि पोराला तेवढाच धीर आला.

मग कोपरा. पॅनेलच्या चौकटीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणून मध्य काढला. त्या जागी चपटा आरसा बसवला, लेन्स काढून तिच्या जागी मध्यावर भोक पाडलेला पुठ्ठा लावला आणि भोकातून लेझर सोडला. आरसा सरळ असता तर किरण त्याच भोकात परतला असता. तो भोकापासून जवळजवळ पाऊण सेंटिमीटर लांब पडला. आरसा एक अंश कलला की परतणारा किरण दोन अंश वळतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा कल पुठ्ठ्यावर ठळक दिसतो. हिशेब केला तर पॅनेल एकाच अंशाने कललेलं निघालं. दमट हवेत प्लाय फुगून चौकटीची एक बाजू पुढे आली होती.

एका अंशाने एवढं बिघडतं यावर माझा विश्वास बसेना, तेव्हा तुम्ही पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडलेत. भिंत लेन्सपासून 2.4 मीटर, म्हणजे पॅनेल 218 मिमीवर आणि चित्र अकरा पट. पण पॅनेल पुढे-मागे झालं तर फोकस अकराच्या वर्गाने, म्हणजे 121 पट, सरकतो, एका मिलिमीटरला जवळजवळ बारा सेंटिमीटर! एक अंश कलामुळे पॅनेलच्या दोन कडांत अडीच मिमीहून जास्त फरक पडत होता, म्हणजे एका कडेचं चित्र भिंतीच्या फूटभर अलीकडे-पलीकडे जमत होतं. नुसती लेन्स फिरवून ते कसं जुळावं? चौकटीच्या एका बाजूला तुम्ही पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवत गेलात आणि किरण भोकात आला. मग हीच तपासणी उलट बाजूने, लेन्स जिच्यावर बसवली आहे त्या पाटीसाठी. शेवटी टेपने भिंतीवरच्या चित्राच्या समोरासमोरच्या बाजू मोजल्या, त्या सारख्या भरल्या.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते पुढचं. चित्र वर न्यायला आम्ही पेटीखाली पुस्तकं सारायचो आणि चौकोनाचा पतंग व्हायचा. तुम्ही पुस्तकं काढून टाकलीत आणि लेन्सची पाटी पेटीतच एक सेंटिमीटर वर सरकवलीत. चित्र बारा सेंटिमीटर वर गेलं, चौकोन तसाच राहिला. त्याबरोबर पुढची फ्रेनेलही थोडी वर घ्यावी लागते, नाहीतर ठिपका पुन्हा लेन्सच्या कडेला जातो, हे तुम्ही आधीच सांगितलंत.

चहा घेताना तुम्ही म्हणालात की दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथल्याच कलाभवनात, तेव्हा बडोद्याच्या पोरांना हा नाद लागला तर नवल काय. माझा मुलगा ते वाक्य आता येईल त्याला ऐकवतो. तुम्हाला पैसे विचारले तेव्हा तुम्ही इतके रागावलात की पुन्हा विचारायची हिंमत नाही. गणपतीत नाटकं झाली, मागच्या रांगेतल्या आजींनाही नटांचे चेहरे नीट दिसले. शेजारच्या गुजराती मंडळींनी भाषा न कळताही पूर्ण अंक बसून पाहिले, याचं श्रेय नटांचं. पण चारही कोपरे स्पष्ट होते ते तुमच्यामुळे. मनापासून आभार.

आता एक विचारायचं आहे. दिवाळीत गच्चीवर चार मीटरवरून दाखवावं असं मुलाच्या मनात आहे. तुमच्याच रीतीने हिशेब केला: लेन्स साधारण आठ मिमी आत घ्यावी लागेल, चित्र एकोणीस पट होईल, पण उजेड तिप्पट जागेवर पसरून एकतृतीयांश राहील. एवढ्या उजेडात भागेल, की भिंत जवळच ठेवावी? तुमचा लेझर आमच्याकडेच राहिला आहे. तो घ्यायला याल तेव्हा सांगा, पुरणपोळी करते.

आपली नम्र,
दोन घरं पलीकडची शेजारीण